डाव्या बगलेचं ठिगळ

आत्ती, आधी एक कबूल करून टाकते. तू गेल्याचा दत्ताचा फोन आला, तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. रडू नंतर आलं, भरपूर आलं, पण आधी हायसं वाटलं. "जेवली, आडवी झाली, चहाला उठवायला गेलो तर..." एवढंच तो बोलू शकला. मी सोलापुरात सात रस्त्याच्या गर्दीत स्कूटर कशीबशी बाजूला घेतली आणि मनात म्हटलं, सुटली बाई. अंथरुणाला खिळून राहायची तुला केवढी धास्ती होती, ते मला माहीत होतं. "मला कुनी कुशीवर वळवायची येळ येऊ नये," असं तू वर्षभर येता-जाता म्हणत होतीस. आली नाही.

दुसरंही एक कारण होतं. आपलं भांडण तू जायच्या आधी मिटलं होतं. तीन आठवडे आधी गेली असतीस, तर मी तुझ्या तेराव्याला कुठल्या तोंडाने आपल्या मंद्रूपला येऊन बसले असते, देव जाणे.

परवा तुझे तेरा दिवस झाले. पंगत उठल्यावर तुझा लेक दत्ता मला म्हणाला, "मने, आईबद्दल काहीतरी लिही. तू लिहितेसच की कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या." त्याच्या दृष्टीने मी एवढीच लेखिका. तुझ्या दृष्टीने तर तेवढीही नव्हते. पुण्याला शिकून आले, सोलापुरात दुकान काढून तीन मशिनं टाकली, जुन्या बायकांच्या कपड्यांवरून आजच्या मुलींचे कपडे काढते, हे मी तुला किती वेळा समजावलं. तू शेजारणींना एका वाक्यात उरकायचीस, "मनी कापडं शिवती." त्यात मात्र अभिमान असायचा. कारण तूही तेच केलंस जन्मभर. गावातल्या गावात दिलेली, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी माझी आत्ती, जिच्या ओट्यावर बाजाराच्या दिवशी चोळ्या शिवून घ्यायला बायका खण घेऊन बसलेल्या असायच्या. टेप कधी हातात धरला नाहीस. दोरा घ्यायचीस, बाईच्या अंगाला लावायचीस आणि त्याला गाठ मारायचीस.

माझ्या कामात तुला दोन गोष्टी कधीच पटल्या नाहीत. एक म्हणजे लहान, मध्यम, मोठं अशी तीन मापं. "बायका काय तीनच मापाच्या असत्यात व्हय गं?" आणि दुसरी म्हणजे चेन. चोळीला पुढे गाठ असते, ती काढून मी चेन लावते हे ऐकूनच तू चार वर्षं राग काढलास. "गाठ बाईच्या पोटासंगं सैल हुती, आवळती. तुजी चेन काय करती?" मी काही बोलायच्या आत तूच उत्तर द्यायचीस, "तुटती."

चार वर्षांपूर्वी तुझ्या ट्रंकेतली ती हिरव्या खणाची चोळी मी मागून आणली, तेव्हा तू वळूनही बघितलं नव्हतंस. "घिऊन जा की. मला काय करायचंय आता?" मी ती घरी आणून टेबलावर पसरली आणि थक्क झाले. हातशिलाई इतकी बारीक की नखाने चाचपावी लागे. आणि डाव्या बगलेपासून खालच्या काठापर्यंत चार बोटं रुंद, मरून रंगाचा वेगळाच पट्टा. उजव्या बाजूला नाही, फक्त डाव्या. मला वाटलं, हाच तो जुन्या बायकांचा डौल! दोन्ही बाजू सारख्या करायचा आपला हट्ट, आणि बघा त्यांची नजर. मी त्यावरून जाकीट बेतलं. जीन्सवर चालेल, साडीवर चालेल असं, आखूड. पट्टा डावीकडेच ठेवला आणि चिठ्ठीवर झोकात लिहिलं, "जुन्या काळच्या मराठी स्त्रियांच्या चोळीत हृदयाच्या बाजूला असणारा पारंपरिक पट्टा."

आत्ती, ते जाकीट धडाक्यात चाललं. एका प्रदर्शनात एक बाई दुसरीला समजावून सांगत होती की हा पट्टा दृष्ट लागू नये म्हणून असायचा. मी बाजूलाच उभी होते. पुढे कुणीतरी मोबाईलवर लिहिलं की ते सौभाग्याचं लक्षण होतं. दुसऱ्या गावच्या एका दुकानाने माझी नक्कल केली, तीही डावीकडेच. मला तर वाटायला लागलं होतं की मी इतिहासातलं काहीतरी हरवलेलं शोधून काढलंय. एवढी शिकलेली मी, पण तुला साधं विचारावं हे सुचलं नाही. गावी आलं की तू दोन गल्ल्यांवर होतीस.

मग गेल्या दिवाळीत मी ते जाकीट तुला दाखवायला आणलं. दत्ता आणि सविता वहिनी घरीच होते, फराळ चालला होता. तू जाकीट उलटसुलट केलंस.

"ह्ये एकाच अंगाला का लावलंयस?"

"तुझ्या चोळीला तसंच होतं की."

तू चोळी मागितलीस. दिसत तर फारसं नव्हतंच तुला, बोटांनी शिवण चाचपत गेलीस. आणि एकदम हसायला लागलीस. हसता हसता ठसका लागला, वहिनीने पाणी आणलं, पाणी पिऊन परत हसलीस.

"अगं मने, पट्टा कशाचा? ठिगळ हाय त्ये!"

"कापड कमी पडलं होतं का?"

"कापड न्हाय कमी पडलं. मीच जास्त झालते, एका अंगाला."

मी महिन्याची असताना आईला टायफॉईड झाला आणि तू मला अंगावर पाजलंस, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. दत्ता आणि मी बरोबरीचे, त्यामुळे घरात ते फार सहज बोललं जायचं. पण वाटणीची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. ती तू त्या दिवशी सांगितलीस, चकली मोडत मोडत.

"उजवा दत्ताचा, डावा तुजा. कदी बदल केला न्हाय. ह्यो लई नाजूक, दोन घोट घेतलं की झोपायचा. तू हावरट. ढेकर आल्याबिगर सोडत न्हवतीस. मग काय, डावं अंग भरून आलं, चोळी शिरंना. शिवणीचा एक तुकडा उरला व्हता कुनाचा तरी, त्यो लावला."

दत्ता ताट घेऊन बाहेर ओसरीवर जाऊन बसला. मी खूप हसले, आणि मग लक्षात आलं. कितीतरी बायका माझ्या हावरटपणाचं ठिगळ परंपरा म्हणून अंगावर घालून हिंडत होत्या.

इथपर्यंत ठीक होतं. पुढची चूक माझी, आणि ती मोठी चूक. मला वाटलं, खोटी गोष्ट गेली आणि खरी मिळाली, आता खरी लिहू. मी नवी चिठ्ठी लिहिली. त्यात आत्तीचं दूध होतं, मातृत्व होतं, ऋण होतं, तुझं नाव होतं, मंद्रूप होतं. पुण्याच्या ज्या दुकानात माझा सगळ्यात जास्त माल जातो, तिथल्या बाईंना फोनवर वाचून दाखवली. म्हणाल्या, हीच चिठ्ठी लावा, आपण मोठं प्रदर्शन करू. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले, तेव्हा ती तुलाही वाचून दाखवली. मला वाटलं, तू डोळ्याला पदर लावशील.

"माझं दूध इकायला काढलंस व्हय?"

तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

"आत्ती, खरंच आहे ना पण ते?"

"खरं हाय म्हनून किंमत लावून टांगायचं? गोष्ट सांगायची तर सांग की कुनालाबी. बसून सांग, च्या पिता पिता सांग. मी कदी लपिवलंय? पर किंमत लावलेल्या कागदावर माझं नाव नगं. दूध तर अजिबात नगं."

त्यानंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस. मी यायची, तू वहिनीला सांगायचीस, "पावनीला च्या दे." पाहुणी! ज्या घरात मी न विचारता डब्यात हात घालत होते, त्या घरात. तुला ठाऊक होतं कुठे मारलं की लागतं.

मलाही राग आला होता, आत्ती. तो तुला सांगायचा राहिला, म्हणून आता सांगते. पट्टा म्हणावं तर खोटं. खरं सांगावं तर तू चिडलेली. आणि ठिगळ म्हटलं तर ते विकत घेणार कोण? तुझ्याकडे बायका स्वतःचा खण घेऊन यायच्या. माझ्याकडे येतात त्या एखाद्या गोष्टीसाठी, जाकिटाबरोबर त्यांना जुना काळ घरी न्यायचा असतो. तो मी कुठून आणू? माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायकांचं घर या जाकिटावर चालतं. तू मात्र सरळ नाक वर करून मोकळी झालीस. खोटं बोलावं की तुला विकावं, यातलं काहीतरी एक निवडायचं होतं आणि मी ते रोज उद्यावर ढकलत होते. प्रदर्शनाचा दिवस जवळ येत होता.

लक्ष्मीअक्काने सोडवलं. कुंभारीहून रोज बसने येणारी, काजं करण्यात जिचा हात धरणारं सोलापुरात कुणी नाही, ती आमची लक्ष्मीअक्का. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. मी चिठ्ठ्यांचे कागद फाडत बसले होते आणि ती चष्म्यावरून बघत होती. म्हणाली, "ठिगळ होतं तर ठिगळ लिव्हायचं. आमच्या घरात सगळ्यांच्या कपड्याला होतं. कोण मेलं नाही त्याच्यानं."

त्याच आठवड्यात तुला सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. छातीत पाणी झालं होतं. दुपारी दत्ता जेवायला गेला की मी बसायची. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली. दोन दिवस मी नुसती बसले. तिसऱ्या दिवशी कागद काढला आणि तुझ्या पाठीला वाचून दाखवला.

"डाव्या बगलेला ठिगळ आहे. मूळ चोळी एका बाईला त्या बाजूला तंग व्हायला लागली, म्हणून तिने दुसऱ्या खणाचा तुकडा जोडला. ही जुनी परंपरा वगैरे नाही."

पंखा फिरत होता. मला वाटलं, झोपलीस.

"परत वाच."

परत वाचलं.

"'एका बाईला.' हां. आता बराबर. कोन बाई, ते कशाला पायजे लोकास्नी?" मग माझ्याकडे कूस बदललीस, कष्टाने, माझा हात न घेता. "आनि हावरट न्हाय लिवलंस व्हय कुटं?"

माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला इतकं हलकं वाटलं की खाली येऊन एकटीने उभ्या उभ्या दोन कप चहा प्यायले.

पुण्याच्या बाईंचं काय झालं, तेही तुला दवाखान्यातच सांगितलं होतं, पण तुला इतकी आवडलेली गोष्ट परत सांगते. त्या म्हणाल्या, चिठ्ठी छान आहे, फक्त 'ठिगळ' शब्द नको, ग्राहक बिचकतील, त्याऐवजी 'पॅच' लिहा.

"प्याच म्हंजी?" तू विचारलंस.

"ठिगळच."

"मग?"

मी 'ठिगळ'च ठेवलं. त्यांनी निम्मा माल परत केला आणि मी तो मुकाट्याने आणून कपाटात लावला. काळजी होती, नाही कशाला म्हणू? पण झोप लागत होती.

काही गोष्टी राहिल्याच. पाजल्याबद्दल तुला काहीतरी म्हणावं असं मला त्या दवाखान्यात फार वाटत होतं. असं कुणी कुणाला म्हणत नाही आपल्याकडे, आई-आत्तीला तर नाहीच. तरी मी एकदा "आत्ती, तू मला..." एवढी सुरुवात केली. तू म्हणालीस, "त्ये सलाईन सपलं का बघ." सपलं होतं. नर्सला बोलवायला गेले आणि ते तिथेच राहिलं. तुला माझं म्हणणं कळलं होतं, का खरंच सलाईनचीच काळजी होती, हे मी ठरवू शकलेले नाही. तुझ्या स्वभावाकडे बघता दोन्ही शक्य आहे. मला आता त्याची रुखरुख नाही. आभार मानलेले तुला आवडलेच नसते.

चेनचं भांडणही मिटलं नाही. पण त्यात तुला एक देऊन टाकते. तू गेलीस त्या दिवशी मी पोचेपर्यंत बायकांनी आंघोळ घातली होती. गावात आता चोळी शिवणारं कुणी नाही, तेव्हा अंगावर काय घालायचं म्हणून सगळ्या गोंधळल्या होत्या. कुणीतरी बाजारातून तयार ब्लाऊज आणा म्हणालं. मग वहिनीने तुझ्या उशाची पिशवी उघडली. तू स्वतःसाठी शिवून ठेवली होतीस, कोरी, पांढऱ्या कापडाची. डोळे जायच्या आधी कधीतरी शिवली असणार, कारण ती तेव्हाच्या तुझ्या मापाची होती आणि आजारपणात तू निम्मी राहिली होतीस. मी ती घातली तर खांद्यावरून उतरायला लागली. मग पुढची दोन टोकं धरली आणि गाठ मारली, जरा आवळून मारली. बसली, आत्ती. अगदी अंगासरशी बसली. चेन असती तर बसली नसती. एवढं मान्य करते. जाकिटाला मात्र चेनच लावणार.

हे सगळं इथे लिहितेय त्याचा तुला राग येणार नाही अशी माझी समजूत आहे. तू म्हणालीस, गोष्ट बसून सांग. मी बसूनच सांगतेय. या कागदाला किंमत नाही, आणि चहा शेजारी आहे.

आता कालचं सांगते, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

तेराव्यानंतर पहिल्यांदाच दुकान उघडलं होतं. दुपारी एक बाई आली. माझ्यापेक्षा थोडी मोठी, बँकेत वगैरे असावी, ओढणी अगदी पसरून घेतलेली. तिने परत आलेल्या मालातलं एक जाकीट हातात घेतलं, चिठ्ठी वाचली. ठेवून दिलं. दुसरं काहीतरी बघितलं. परत येऊन तीच चिठ्ठी वाचली.

"हे खरंय?"

"हो."

"म्हणजे तिच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या."

"नव्हत्या."

तिने जाकिटाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या पण नाहीत. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. उजवीकडे काही नाही." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, एका दमात, पाठ केल्यासारखं, "डाव्या बाजूला बसेल असं घेतलं की उजवीकडे लोंबतं. उजवीकडे बसेल असं घेतलं की डावीकडे शिरत नाही. शिंप्याला कसं सांगायचं? म्हणून सैल कुर्ते घालते आणि वरून ही ओढणी. तुम्हाला एका बाजूला कमी करता येईल का? ठिगळ नसलं तरी चालेल."

लक्ष्मीअक्का उठली, तिने दाराचा पडदा ओढला आणि बाईसाठी स्टूल पुढे सरकवलं.

मी मापं घेतली. खांदा, बाही, उंची लिहून झाली. आमच्या मापाच्या वहीत 'छाती' असा छापलेला एकच रकाना असतो. मी त्याच्या मधून उभी रेघ मारली. डावीकडे एक आकडा लिहिला आणि उजवीकडे दुसरा.

बाई वाकून वहीत बघत होती.

"असं लिहितात होय?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आमच्याकडे असंच लिहितात."